पदकाची तिसरी बाजू

माणसाला चाळिशीनंतर चष्मा लागतो आणि साठीनंतर छंद. चष्म्याचा नंबर डॉक्टर काढून देतात. छंदाचा नंबर मात्र ज्याचा त्याने काढायचा असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाला बोन्साय लागले, एकाला भावगीते लागली (ती पुढे भिंतीपलीकडच्या सर्वांनाच लागली) आणि मला पदके लागली.

'लागली' म्हणजे मिळाली नव्हेत. मिळण्यासारखे काही मी आयुष्यात केलेले नाही. शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत तिसरा आलो होतो, पण त्या शर्यतीत आम्ही धावलोच तिघे. मी पदके विकत घेतो. तीही जुन्या लढायांची. आणि तीही खरी नव्हेत. खऱ्या पदकांच्या किमती ऐकल्यावर पेन्शनर माणसाला दुसऱ्याच कारणासाठी डॉक्टरकडे जावे लागते. म्हणून मी त्यांच्या नकला घेतो. हल्ली घडवलेल्या, पण चांदीत. संगणकावरच्या लिलावात. रात्री दीड वाजता.

दीड वाजता, कारण विलायतेतले लोक संध्याकाळी जेवून-खाऊन लिलावाला बसतात तेव्हा आपल्याकडे चोर आणि मी एवढेच जागे असतो.

"अहो, कुणाशी बोलताय एवढ्या रात्री?" आतून आवाज येतो.

"बोलत नाहीये. बोली लावतोय."

"किती लावली?"

ह्या प्रश्नाचे उत्तर देणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे.

पूर्वी लिलाव म्हटला की एक माणूस घसा फोडून 'एक बार, दोन बार' ओरडायचा, आपण समोरच्याचे तोंड बघायचो आणि तोंडावरून त्याच्या खिशाचा अंदाज घ्यायचो. आता तोंड दिसत नाही. समोर कोणी तरी 'क', मग तीन फुल्या, मग 'सात' अशा नावाचा इसम असतो. आपण आपली वरची रक्कम गुपचूप यंत्राला सांगून ठेवायची. यंत्र आपल्या वतीने पायरी-पायरीने चढवत नेते. हे फुल्यांचे गृहस्थ शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत गप्प बसतात आणि मग एकदम उडी घेतात. त्या पाच सेकंदांत मी रक्तदाबाची एक गोळी आगाऊ खर्च केलेली असते. शिवाय जिंकल्यावर कळते की बोलीवर लिलावघराचे कमिशन आहे, त्यावर टपाल आहे आणि त्यावर कस्टम आहे. खडकीच्या लढाईतही जिंकणाऱ्याचा एवढा खर्च झाला नसेल.

आता ज्या अर्थी मी हा माल पैसे मोजून घेतला आहे, त्या अर्थी त्याच्यावर टीका करण्याचा मला हक्क आहे. पुस्तकांचे परीक्षण करणाऱ्यांना पुस्तके फुकट मिळतात, म्हणून ते सौम्य असतात. मी सौम्य असण्याचे कारण नाही.

पहिल्यांदा वर्णनाबद्दल. प्रत्येक नकलेबरोबर जाड कागदावर सोनेरी किनारीचे एक प्रमाणपत्र येते. त्याला 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' म्हणतात. म्हणजे ही नक्कल अस्सल असल्याचा दाखला. मी तो दाखला तीन वेळा वाचला. बनावट नक्कल कशी असते, हे मला अजून समजलेले नाही. कदाचित ती चुकून खरी निघत असेल.

आता एकेक नग.

नग पहिला. श्रीरंगपट्टणचे पदक. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान पडला त्या विजयाचे. कुख्लर नावाच्या कलावंताने चित्र कोरले आणि बर्मिंगहॅमजवळच्या सोहोच्या टांकसाळीत त्याचे ठसे उठले. चित्र असे की एका सिंहाने वाघाला खाली पाडले आहे. सिंह म्हणजे इंग्रज आणि वाघ म्हणजे टिपू, हे सांगायला नकोच. कुख्लरसाहेबांनी काम मन लावून केले आहे. सिंहाचा प्रत्येक केस मोजून घ्यावा. पण हे पदक पाच प्रकारांत निघाले होते. सोन्याचे सर्वांत वरच्यांना, मग चांदीवर सोन्याचा मुलामा, मग साधी चांदी, मग ब्रॉन्झ आणि साध्या शिपायाला कथील. तोफेच्या तोंडी जो सर्वांत पुढे, त्याची धातू सर्वांत मागे. माझी नक्कल चांदीची आहे. म्हणजे घरबसल्या, लुंगी नेसून, मी कंपनी सरकारच्या फौजेत थेट अंमलदार झालो. शिपायाच्या कथलाची नक्कल लिलावात मला एकदाही दिसली नाही. नकलासुद्धा साहेबाच्याच निघतात.

कारागिरीचे म्हणाल तर ही नक्कल ठशाने छापलेली नाही, ओतलेली आहे. कोणी तरी एक झिजके पदक घेऊन त्याचा साचा केला आणि त्यात चांदी ओतली. त्यामुळे दोनशे वर्षांची झीज नव्या पदकाला जन्मतःच मिळाली आहे. सिंहाचे केस विरळ झाले आहेत आणि वाघ किंचित झोपाळू दिसतो. शिवाय ओतलेली धातू थंड होताना आकसते, त्यामुळे ओतीव नक्कल मुळापेक्षा केसभर लहान भरते. त्या नकलेवरून दुसरी केली तर ती आणखी केसभर लहान. हे फक्त पदकांत होते असे नाही. घराण्यांतही होते.

नग दुसरा. 'आर्मी ऑफ इंडिया' पदक. पुढच्या बाजूला राणी व्हिक्टोरिया, मागच्या बाजूला बसलेली विजयदेवता, वर फिकट निळी फीत. फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. अशा एकंदर एकवीस पट्ट्या आहेत आणि त्यांची यादी वाचली की एस. टी.चे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते. असई, अडगाव, गाविलगड, असीरगड, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, पुणे, खडकी. पुणेकर असून मी खडकीची पट्टी घेतली. म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसरा बाजीराव ज्या लढाईत हरला तिचे बक्षीस मी स्वखर्चाने मागवले, त्यावर कस्टम भरले आणि पर्वतीवर फिरायला गेलो तेव्हा ते खिशात होते. लढाई चालली असताना श्रीमंत पर्वतीवरून बघत होते म्हणतात. मी त्या ठिकाणी उभा राहून पदक काढून पाहिले. काही वाटले नाही. मागे एक मुलगा भेळ विकत होता, ती घेतली.

ह्या पदकाची गंमत अशी की ते लढाईनंतर चौतीस वर्षांनी निघाले, १८५१ साली. तेही तोवर जो जिवंत असेल आणि अर्ज करील त्यालाच. सरकारी कामाला वेळ लागतो हे मान्य, पण चौतीस वर्षे म्हणजे भविष्यनिर्वाह निधीवाल्यांनीही कान धरावा. बाजीराव वारले तेही १८५१ मध्येच, जानेवारीत, ब्रह्मावर्ताला, सालीना आठ लाखांचे पेन्शन घेत घेत. कंपनीने बहुधा हिशोब केला असावा की आता पेन्शन वाचले, तर त्यातून पदके करू.

पण आमचे कुटुंब ह्या पदकावर जे म्हणाले त्याने मी जरा गप्प झालो. तिने पदक हातात घेतले, पालथे केले, उलथे केले, मग काठ डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "ह्याच्यावर नाव नाही कुणाचं."

"असतं का?"

"मला काय माहीत! पण कुणाला तरी दिलं असेल ना? भांड्यावरसुद्धा नाव असतं."

असते. वॉटर्लूची लढाई १८१५ साली झाली. तिच्या पदकापासून इंग्रजांनी काठावर नाव छापायचा प्रघात पाडला. जनरल असो की साधा सोल्जर, ज्याचे त्याचे नाव. श्रीरंगपट्टणच्या पदकावर नाव नव्हते. पुढे काहींनी पदरचे पैसे खर्चून ते कोरून घेतले. १८५१ च्या पदकावर मात्र नाव आहे. नाण्याला दोन बाजू असतात हे आपण शाळेपासून ऐकतो. पदकाला तीन असतात. समोर राजा, मागे विजय आणि काठावर माणूस. नकला करणारे पहिल्या दोन बाजू भिंगातून पाहून उतरवतात. तिसरी गुळगुळीत सोडून देतात. माझ्या सगळ्या टीकेचे सार काय ते एवढेच आहे. बाकीचे दोष टपालखर्चात गेले.

समोरच्या दोन बाजूंवर फार विश्वास ठेवू नये हे मला काठाकडे बघायला लागल्यावर उमगले. खडकी 'आपण' हरलो, असे मी आत्ता सहज लिहून गेलो. पण कंपनीच्या मुंबई पलटणींत देशावरचे आणि कोकणातले शिपाई होतेच की. कुठल्या बाजूला कोणाचा पणजा होता हे राणीच्या मुखवट्यावरून थोडेच कळते? एकवीस पट्ट्यांत एक कोरेगावची आहे, १ जानेवारी १८१८ ची. तिथे उभ्या असलेल्या स्तंभावर शिपायांची नावे कोरली आहेत आणि त्यांतली अनेक 'नाक' ह्या अक्षरांनी संपणारी, महार सैनिकांची आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि आजही दर वर्षी लाखो माणसे जातात. कंपनी सरकार जिंकले म्हणून कोणी त्या गर्दीत उभा राहत नाही. त्या दगडावर नावे आहेत, म्हणून माणसे जातात. नावे नसती तर तो स्तंभ म्हणजे उंच दगड होता.

नग तिसरा परदेशी आहे आणि त्याच्याविषयी मी चांगले बोलणार आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर बेंजामिन फ्रँकलिनने पॅरिसमध्ये एक पदक करवून घेतले, 'लिबर्टास अमेरिकाना'. १७८३ साली ऑगस्तँ द्युप्रे ह्याने घडवले. एका बाजूला केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवी. दुसऱ्या बाजूला पाळण्यातल्या वयाचा हर्क्युलस दोन हातांनी दोन साप आवळतो आहे. साप म्हणजे इंग्रजांच्या शरण आलेल्या दोन फौजा. मागे मिनर्व्हा, म्हणजे फ्रान्स, ढाल पुढे करून ब्रिटिश श्वापदाला अडवते आहे. आमच्या नातीने पाहिल्याबरोबर ओळखले, "आजोबा, हा कृष्ण!" मी तिला दुरुस्त केले नाही. साप, बाळ आणि वर मावशीसारखी मदतीला आलेली बाई. एवढ्या सामग्रीत गोकुळ उभे करायला काहीच कमी नाही.

हे पदक पॅरिसच्या टांकसाळीने अलीकडच्या काळात चांदीत पुन्हा छापले, आणि तिची रीत मला आवडते. ही टांकसाळ आपल्या जुन्या पदकांच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा काढते, पण काठावर खूण करते. १८४५ च्या सुमारास बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग. शेजारी धातूचे नाव. म्हणजे आजोबांचा फोटो असला तरी कोणत्या स्टुडिओत कॉपी काढली ते मागे शिक्का मारून सांगायचे. अमेरिकेत तर १९७३ साली कायदाच झाला की नाण्यापदकांच्या नकलेवर 'कॉपी' हा शब्द ठसठशीत पाहिजे. प्रामाणिकपणा ही गोष्ट काठावरच बसते, मधोमध तिला जागा नसते.

ह्या परीक्षणात एक छोटा अपघातही नोंदवला पाहिजे. नकला जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांना औषध लावून काळे करतात. त्या काळेपणाचेही पैसे घेतात. दिवाळीच्या आधी देव्हाऱ्यातली चांदी घासायला निघाली तेव्हा माझ्या कपाटातली तीन पदकेही त्याच परातीत गेली. खाण्याचा सोडा आणि दंतमंजन. अर्ध्या तासात दोनशे वर्षे धुऊन निघाली. "किती कळकट ठेवली होती!" असे वर ऐकून घ्यावे लागले. टिपूचा वाघ लख्ख पांढरा झाला आहे.

आता एवढी टीका करूनही हा माणूस रात्री दीड वाजता बोल्या का लावतो, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरात विचारतातच. खरे उत्तर मी बरेच दिवस दिले नव्हते. ते असे आहे.

आमच्या घरी एक पदक होते. खरे.

माझे आजोबा सखाराम, साताऱ्याकडचे, पहिल्या महायुद्धात ११७ व्या मराठा पलटणीतून बसऱ्याला गेले. तिथे १९१५ च्या पावसाळ्यात त्यांना ताप भरला आणि त्यांना बोटीत घालून मुंबईला परत पाठवले. त्यांची पलटण पुढे गेली आणि कूतच्या वेढ्यात सापडली. त्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडले आणि सगळे कैदी झाले. त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. आजोबा शेतावर होते. आमचे सारे घराणे त्या एका तापावर उभे आहे.

युद्ध संपल्यावर त्यांना चांदीचे 'ब्रिटिश वॉर मेडल' आले. अशी साठ लाखांच्या वर निघाली. एक लाखाच्या आसपास ब्रॉन्झची होती, ती हमाल-मजूर तुकड्यांना. कथलाची जुनी रीत अशी नाव बदलून टिकली. आजोबांचे मात्र चांदीचे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडा पुरुष, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी. विल्यम मॅकमिलन ह्या शिल्पकाराने तो सेंट जॉर्ज म्हणून काढला. आमच्या आजीने त्याला पाहिले आणि एका क्षणात ओळखले. घोडा आहे, तलवार आहे, पायाखाली दैत्य आहे. खंडोबा!

"पर अंगावर कापड का न्हाई वो ह्येच्या?" असे तिने विचारले आणि आजोबा म्हणाले, "तिकडं लई उकडतंय." मग तिने ते पदक देव्हाऱ्यात, कुलस्वामीच्या टाकांच्या रांगेत ठेवले. माझ्या लहानपणी पंचम जॉर्जला पाठमोरे करून रोज हळदकुंकू वाहिले जात होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काठावर इंग्रजीत काही तरी होते. घरात ते वाचणारा पहिला मी. पाचवीत इंग्रजी सुरू झाले तेव्हा आजीने पदक माझ्या हातात दिले आणि विचारले, "काय ल्हिवलंय त्येच्यात?" नंबर होता, मग 'सेपॉय', मग नाव. नाव 'सुकाराम' असे वाचता येत होते. पंचम जॉर्जच्या कारकुनाने आमच्या आजोबांचे बारसे नव्याने केले होते. आजी म्हणाली, "चुकलंय." आणि थोड्या वेळाने, "असूं दे. त्यांचंच हाय."

१९८० साल उजाडले. त्या जानेवारीत अमेरिकेत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली. वर्षभरापूर्वी ती सहाच्या आसपास होती. टेक्सासच्या हंट बंधूंनी जगातली चांदी साठवायला घेतली होती. मार्चच्या अखेरीस सगळा डोलारा कोसळला, पण मधल्या दिवसांत विलायतेतल्या कितीतरी घरांनी हीच पदके मोडीत घातली आणि ती वितळून गेली. पदक म्हणून जेवढे येत होते त्याहून मोड म्हणून जास्त येत होते. टेक्सासमध्ये कोण काय साठवतो हे साताऱ्याच्या आजीला ठाऊक नव्हते. पण ताईचे लग्न ठरले होते आणि भाव चढला आहे एवढे सराफाने सांगितले होते. आजोबा तोवर गेले होते.

"देव्हाऱ्यातलं विकायचं?" आई दबकत म्हणाली.

आजी म्हणाली, "त्यो काय रागवायचा न्हाई. त्येनं सोता दोन लग्नं केल्यात. लग्नाचा खर्च त्येला ठावं हाय."

ह्या युक्तिवादावर कोणाकडेच उत्तर नव्हते. सराफाने फीत काढून परत दिली, कारण ती वजनात धरायची नव्हती. मधे नारिंगी, दोन्ही बाजूंना पांढरे, काळे, निळे पट्टे. त्या फितीने आजीची पोथी पुढे किती तरी वर्षे बांधलेली होती. पदकाची ताईच्या पैंजणांत भर पडली.

तर मी बोल्या लावीत होतो त्या ह्या पदकासाठी. बाकीची तीन म्हणजे शर्यतीआधीची धाव. शेवटी मार्चमधल्या एका रात्री ते मिळाले. चांदीची, नवी, ठशाने छापलेली नक्कल. घोडा झकास, कवटी झकास, फीतसुद्धा नवीकोरी. तीन फुल्यांच्या गृहस्थांना मी शेवटच्या सेकंदाला हरवले. पुडके आले, उघडले. आणि सरळ काठ बघितला. गुळगुळीत.

आता मी टीकाकार म्हणून माझा निवाडा देतो. त्या पदकात काही कमी नव्हते. आमच्या पदकापेक्षा ते देखणे होते. आमच्याचा जॉर्ज आजीच्या हळदीने पिवळा पडला होता. पण हे पदक कोणालाच दिलेले नव्हते. कोणी कुठे गेला नाही, कोणाला ताप आला नाही, कोणी परतला नाही, आणि पदक मात्र तयार. देव्हाऱ्यातले टाक झिजले की आपण मोडून नवे घडवतो. ते नकलेच्या नकलेची नक्कल असतात आणि तरी कोणी त्यांना खोटे म्हणत नाही. कारण सोनाराकडून आणल्यावर त्यांची प्रतिष्ठा करतात, मग ते त्या घरचे होतात. पदकाची प्रतिष्ठा काठावरच्या नावाने होते. मग ते नाव चुकीचे लिहिलेले का असेना.

"मग घालून आणू या की नाव," आमचे कुटुंब म्हणाले. तिला कुठलाही तात्त्विक प्रश्न बाजारातून सोडवून आणता येतो.

आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. दाराशी एक मुलगा नाव घालायचे यंत्र घेऊन बसला होता, करकर आवाज करणारे. पुढे वाट्या, पेले, ताटे. 'मामांकडून', 'आत्याकडून', 'सप्रेम भेट'. एवढ्या काठांवर एवढी माणसे. मी पदक पुढे केले.

"काय घालू, काका?"

"सखाराम. ११७ मराठा. नक्कल."

"नक्कल हे आडनाव का?"

"नाही रे. ही नक्कल आहे, म्हणून तसं लिहायचं. उद्या कुणी फसायला नको."

तो एक मिनिट माझ्याकडे बघत राहिला. आजवर त्याच्याकडे कोणी स्टीलवर 'चांदी नव्हे' असे घालून घेतले नसावे. मग त्याने अक्षरे मोजली, कारण पैसे अक्षरावर होते, आणि विचारले, "कुणाकडून ते नाही सांगितलं."

मला उत्तर सुचेना. पंचम जॉर्जकडून म्हणावे तर त्याने दिलेले वितळले. माझ्याकडून म्हणावे तर आजोबांना पदक देणारा मी कोण? मी तर लिंबू-चमच्यात तिसरा.

"राहू दे ते," मी म्हणालो.

"नक्कल पण राहू दे," आमचे कुटुंब म्हणाले. "आजोबांची एक नक्कल घरात आहेच. केसभर लहान."

पण 'नक्कल' मी घालून घेतलीच. यंत्र करकरले. पंचम जॉर्जच्या कारकुनाला जे जमले नाही ते त्या पोराने दोन मिनिटांत केले. 'सखाराम', ख ला ख, रा ला काना. पदक अजून गरम होते. मी पैसे दिले, त्याने पावती फाडून दिली. तीवर लिहिले होते : नाव घालणे, भांडे, १ नग.